दोन नो-हिटर की दोन ग्रँड स्लॅम?

बेसबॉलमधला कोणता विक्रम मोडणं जास्त अवघड, असं कुणी विचारलं की माझ्यासमोर दोनच नावं येतात: जॉनी व्हँडर मीर आणि फर्नांडो टाटिस.

सिनसिनाटी रेड्सचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) व्हँडर मीर याने ११ जून १९३८ रोजी बोस्टनला पूर्ण सामन्यात एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) दिली नाही, म्हणजे नो-हिटर टाकला. चार दिवसांनी ब्रुकलिनविरुद्ध पुन्हा तेच! एबेट्स फील्डवरचा तो पहिलाच प्रकाशझोतातला सामना होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये त्याचा चेंडूवरचा ताबा सुटला. तीन वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिल्यामुळे तिन्ही बेस भरले, म्हणजे प्रत्येकावर एक धावपटू आला. तरीही ब्रुकलिनच्या लिओ ड्युरोशरचा उंच उडालेला चेंडू सेंटर फील्डमध्ये झेलला गेला आणि सलग दुसरा नो-हिटर पूर्ण झाला.

टाटिसची गोष्ट एकाच इनिंगची. २३ एप्रिल १९९९, लॉस एंजेलिस, तिसरी इनिंग. सेंट लुईस कार्डिनल्सच्या या बॅटरने बेस भरलेले असताना दोनदा होम रन (बॅटरसह बेसवरचे सगळे धावा काढतात असा फटका) मारली, म्हणजे दोन ग्रँड स्लॅम, आठ धावा. दोन्ही वेळी समोर पिचर एकच, चान हो पार्क.

टाटिसला मागे टाकायला एका इनिंगमध्ये तीन ग्रँड स्लॅम हवेत, व्हँडर मीरला मागे टाकायला सलग तीन नो-हिटर. माझा कौल व्हँडर मीरला. टाटिससाठी दोन्ही वेळा बेस सहकाऱ्यांनी भरले होते. व्हँडर मीरला मात्र अठरा इनिंग एकट्याने चेंडू टाकावा लागला. १९४७ मध्ये रेड्सचाच ईवेल ब्लॅकवेल अगदी जवळ पोहोचला होता. दुसऱ्या सामन्यात दोन आउट उरलेले असताना पहिली हिट बसली.