बी क्लासचं स्टिकर आणि माझे १,०६,३०० रुपये

मशीनच्या नावाखाली फसवून नेलेला आकडा आधीच सांगतो, ‘गेले असतील पाच-दहा हजार’ असं कोणी म्हणायला नको. ऑटोक्लेव्हचे (वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन) ९२,०००, दोन मिनी हेड, म्हणजे लहान डोक्याच्या एअरोटरचे (दात कोरायचं यंत्र) ११,८००, पॅकिंग-वाहतुकीचे २,५००. एकूण १,०६,३००. बिल आहे, वस्तूही आली. म्हणूनच तर कोणी ऐकून घेत नाही.

दातांचा दवाखाना माझा दारव्हा-दिग्रस पट्ट्यात. इकडं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किती चालतो हे विदर्भातल्या वाचकांना काय सांगायचं! त्यानं पस्तिशीतल्या माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. नेहमीच्या एअरोटरचं डोकं मागच्या दाढेपर्यंत जातच नाही, मिनी हेडच लागतं. एअरोटर आतून पोकळ, नळ्यांमध्ये लाळ-रक्त शिरतं. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये आतली हवा अडकून राहते, वाफ पोचत नाही. बी क्लास मशीन आधी पंपानं हवा ओढून घेतं, मग वाफ सोडतं. तेव्हा हौस म्हणून घेतलं नव्हतं. नागपूरच्या डीलरनं १,३८,००० सांगितले होते, हा फोनवरचा विक्रेता म्हणाला, ‘सर, कॉन्फरन्समधला डेमो पीस आहे, ९२ ला देतो.’ वर एअरोटरच्या जोडणीबद्दल विचारतो, ‘कपलिंग टू होल की फोर होल?’ धंद्यातलं इतकं नेमकं विचारणाऱ्यावर कोण संशय घेईल?

५०,००० आगाऊ दिले. ५६,३०० माल आल्यावर, तेही खोका उघडायच्या आधी, कारण त्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला खोका सोडेना. उघडून बघितल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका, खोका गावात आला तरी नका देऊ.

आता पैसे देण्याआधीचा तो व्हिडिओ कॉल. त्यानं मशीन चालू करून दाखवलं. दाबाचा काटा शून्यावरून चढत दोनच्या वर गेला, स्क्रीनवर १३४ अंश, मी खूश. अरे, बी क्लासचा काटा आधी शून्याच्या खाली जायला हवा, हवा ओढतो ना तो! आणि त्या तबकडीवर शून्याच्या खाली आकडेच नव्हते. आकडेच नव्हते! बायकोला दाखवायला मीच स्क्रीनशॉट काढला होता, तो अजून फोनमध्ये आहे. पण लाईट गेलेली, रेंज एक कांडी, बाहेर सुजलेल्या गालांची रांग. आणि बीडीएसला आम्हाला काटा वाचायला कोणी शिकवलं? ऑटोक्लेव्ह सिस्टर लावायच्या, आम्ही निर्जंतुक हत्यारांचे पाऊच फाडायचो.

पाऊच ओले निघायला लागले तेव्हा शंका आली. पाऊचवरच्या तपासणी टेपवर काळ्या रेघा मात्र झकास. टेपला एवढंच कळतं की उष्णता लागली, नळीच्या आत वाफ गेली की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी हेलिक्स टेस्ट (लांब पोकळ नळीतून वाफ पोचते का याची चाचणी) असते, ती पैसे देण्याआधी करून मागा. ओळखीच्या इंजिनिअरनं मागचं झाकण काढलं, तर व्हॅक्यूम पंपच नाही! आडवा ठेवलेला कुकर, वर ‘बी क्लास’ स्टिकर. बाजारात फार तर ३८,००० चा, म्हणाला. एअरोटरही बनावट. तोंडाबाहेर फिरवून बघताना बर (कोरायचं टोक) चकमधून, म्हणजे पकडीतून सुटून भिंतीवर गेला. पेशंटच्या गालात गेला असता तर नाव माझंच गेलं असतं, विकणाऱ्याचं नव्हे.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, ‘डॉक्टरसायेब, वस्तू तं आली न तुमची? मंग फसवणूक कायची? सिव्हिल मॅटर हाये.’ खडे भरून तुरीचं पोतं विकलं तरी पोतं आलंच म्हणायचं का? सायबरवाल्यांनी परत ठाण्याकडे पाठवलं. औषध-उपकरणांच्या कार्यालयात ‘ई-मेल करा’. केला. उत्तर नाही. ग्राहक आयोगातला बाबू कागद न वाचताच म्हणाला, ‘दवाखान्यासाठी घेतलं म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहक नाही.’ खोटं आहे हे! २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात येत नाही. खुर्चीवर मीच बसतो, दात मीच काढतो, माझी काय साखळी आहे का? तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. हे मला वकिलाकडून कळलं, पगार घेऊन बसलेल्यांकडून नाही.

बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं. जीएसटी नंबरचं सहावं अक्षर बघा, कंपनीचं ‘सी’ असतं. माझ्या बिलावर ‘पी’, म्हणजे एकटा माणूस. वैद्यकीय उपकरणं विकायला एमडी-४२ नोंदणी लागते, तिची प्रत आधी मागा. त्यावर ‘सर, विश्वास नाही का?’ असं विचारलं की फोन ठेवा.

ग्राहक आयोगात तक्रार पुढच्या आठवड्यात दाखल होतेय. दरम्यान त्याचा नंबर सुरूच आहे, स्टेटसवर तेच मशीन, ‘शेवटचे दोन नग’. यवतमाळ-वाशीमकडच्या कोणी बुक केलं असेल, तर आधी तबकडीचा फोटो मागवा.