पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क: क्विक रिमूव्हल ठेवायचं का बेटर परफॉर्मन्स?

बाहेरून लावलेल्या ड्राइव्हवर फाईल लगेच लिहायची की थोडी थांबून, हे ठरवणारं हे सेटिंग विंडोजमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे, पण बहुतेक जण ते कधी उघडूनच बघत नाहीत, आणि जे उघडतात त्यातले बरेच जण 'परफॉर्मन्स' शब्द दिसला की तिथे टिक मारून मोकळे होतात, कारण स्लो कोणाला पाहिजे. पण इथे प्रश्न स्पीडचा कमी आणि ड्राइव्ह कोणाच्या हातात असणार, तो कोण आणि कसा उपटणार याचा जास्त आहे. त्या हिशोबानेच ठरवा असं माझं म्हणणं.

आधी सापडतं कुठे ते सांगतो. स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, त्यात 'डिस्क ड्राइव्हज'खाली तुमच्या पेन ड्राइव्हचं नाव, त्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि वरती 'पॉलिसीज' टॅब. लोक चुकून खाली यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत शोधत बसतात आणि मग म्हणतात आमच्याकडे टॅबच नाही. डिस्क ड्राइव्हजमध्येच बघायचं, आणि बदल करायला अॅडमिन अकाउंट लागतं.

आता क्विक रिमूव्हल म्हणजे काय, तर फाईल कॉपी करताना विंडोज ती रॅममध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, जमवून ठेवत नाही, जे लिहायचं ते लगेच ड्राइव्हवर लिहायला पाठवतो, त्यामुळे कॉपीची पट्टी संपली आणि लाईट लुकलुकायची थांबली की ड्राइव्ह काढला तरी चालतो, 'सेफली रिमूव्ह'च्या मागे लागायची गरज नाही. बेटर परफॉर्मन्समध्ये उलटं, फाईल आधी रॅममध्ये जाते, विंडोज तुम्हाला सांगतो 'झालं', पण खरं तर ते उधारीच्या वहीत लिहून ठेवल्यासारखं असतं, ड्राइव्हवर पोचायचं अजून बाकी असू शकतं. म्हणून तिथे इजेक्ट (म्हणजे तेच 'सेफली रिमूव्ह') केल्याशिवाय ड्राइव्ह काढायचाच नाही, एकदाही नाही.

डिफॉल्ट काय असतं यावर लोक अजून भांडतात, कारण दोघंही आपापल्या काळात बरोबर असतात. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनच्या आधी, म्हणजे २०१८ च्या अपडेटच्या आधी, बाहेरून लावलेल्या स्टोरेजला डिफॉल्ट बेटर परफॉर्मन्स होतं, १८०९ पासून मायक्रोसॉफ्टने ते क्विक रिमूव्हल केलं. अजून एक जुनी गोष्ट, विंडोज एक्सपीच्या जमान्यात पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (ड्राइव्हवर फाईली मांडून ठेवायची विंडोजची एक पद्धत) फॉरमॅट करायला आधी परफॉर्मन्सवालं ऑप्शन निवडावं लागायचं, तेव्हाची ती टिप अजून फिरते आहे, पण आता तसं काही करावं लागत नाही.

स्पीडमध्ये फरक पडतो का? पडतो, पण सगळीकडे नाही, आणि इथेच लोकांचा अंदाज चुकतो. एकच मोठी व्हिडिओ फाईल, समजा १० जीबीची, साध्या पेन ड्राइव्हवर टाकली तर दोन्ही सेटिंगमध्ये शेवटी लागणारा वेळ जवळपास तोच, कारण अडथळा पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपचा असतो, बेटर परफॉर्मन्समध्ये पट्टी सुरुवातीला भराभर पळते आणि मग धापा टाकते किंवा संपल्यासारखी दिसते आणि इजेक्ट करताना तेवढाच वेळ खाते. खरा फरक छोट्या छोट्या हजारो फाईलींमध्ये. प्रत्येक फाईलसोबत नुसता डेटा नाही, फोल्डरमधली नोंद आणि कुठली जागा भरली त्याचा तक्ता पण बदलावा लागतो, क्विक रिमूव्हलमध्ये ही किरकोळ लिखापढी पुन्हा पुन्हा होते आणि फ्लॅश मेमरीला तुकड्या तुकड्याने लिहिणं अजिबात आवडत नाही. बेटर परफॉर्मन्समध्ये हे सगळं रॅममध्ये एकत्र होऊन एका झटक्यात जातं. म्हणून लग्नाच्या फोटोंचे फोल्डर, वेबसाईटचा सोर्स कोड, फॉन्टचं कलेक्शन असलं काही सतत एक्स्टर्नल ड्राइव्हवर हलवत असाल तर फरक जाणवेल. सिनेमे ठेवायला ड्राइव्ह घेतला असेल तर जाणवणार नाही.

आता रिस्कचं बघू. बेटर परफॉर्मन्समध्ये ड्राइव्ह मध्येच उपटला किंवा लाईट गेली, तर रॅममधलं लिखाण गेलं. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निदान लाईट जाण्याचं टेन्शन कमी, पण यूपीएस नसलेला डेस्कटॉप आणि आपल्याकडची पावसाळ्यातली लाईट, हे कॉम्बिनेशन असेल तर मी तरी हे ऑप्शन लावणार नाही. त्यात फॉरमॅटचा पण हात असतो. एनटीएफएस स्वतःच्या नोंदींचं जर्नल, म्हणजे बदलांची रोजनिशी, ठेवतो, त्यामुळे असा झटका बसला तरी ड्राइव्ह बहुतेक वेळा उघडतो, मात्र ते जर्नल फाईलींच्या नोंदींचं असतं, फाईलच्या आतल्या मजकुराचं नाही, म्हणजे फोल्डर नीट दिसेल आणि शेवटची फाईल अर्धवट निघेल असं होऊ शकतं. एक्सफॅट आणि फॅट ३२ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये जर्नलच नाही. म्हणून एक्सफॅट प्लस बेटर परफॉर्मन्स प्लस इजेक्टचा कंटाळा, हे तिन्ही एकत्र नको. ड्राइव्ह लावल्यावर 'ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करा' असं जे येतं ते बऱ्याचदा यातूनच येतं, मागच्या वेळी ड्राइव्ह नीट बंद न केल्याची खूण त्याच्यावर राहिलेली असते.

आणि हो, क्विक रिमूव्हल म्हणजे कॉपी चालू असताना खेचला तरी चालतं असं नाही. चालू असलेली फाईल गेलीच. पेन ड्राइव्हवरूनच एक्सेल उघडून काम करताय आणि सेव्ह न करता काढला, तर त्याला कुठलंच सेटिंग वाचवणार नाही.

बेटर परफॉर्मन्स निवडलं की खाली दोन चेकबॉक्स असतात, पहिला डिव्हाइसवरचं राईट कॅशिंग (लिहायचं ते आधी तात्पुरतं साठवणं) चालू करायचा. काही यूएसबी केसिंगमधल्या चिप हे मानत नाहीत आणि विंडोज सांगतो की सेटिंग बदलता आलं नाही, तेव्हा केबल बदलत बसू नका, त्या केसिंगमध्ये ती सोयच नाही. दुसरा चेकबॉक्स बफर फ्लशिंग (तात्पुरतं साठवलेलं पक्कं लिहून टाकणं) बंद करण्याचा. त्याला हात लावू नका. तो मारला की प्रोग्रॅमने 'हे आत्ताच पक्कं लिही' सांगितलं तरी विंडोज ते ड्राइव्हला पक्कं करायला लावत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः तिथेच लिहितो की ड्राइव्हला वेगळा पॉवर बॅकअप असेल तरच वापरा. घरातल्या कुठल्या पेन ड्राइव्हला पॉवर बॅकअप असतो?

मग कोणी काय ठेवायचं? झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजात, ऑफिसात हातोहात फिरणारा पेन ड्राइव्ह, किंवा घरातले सगळे वापरतात तो, क्विक रिमूव्हलच, विचारच नको. दुकानाच्या हिशोबाचा बॅकअप घ्यायचा ड्राइव्ह पण त्यातच, कारण तिथे दोन मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही, बॅकअप अर्धवट निघाला तर बिघडतं. टेबलावर कायम लावलेली एक्स्टर्नल एसएसडी, त्यावरूनच फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंग, मशीन लॅपटॉप किंवा यूपीएसवर, वापरणारा एकच माणूस आणि त्याला इजेक्टची सवय, अशांनी बेटर परफॉर्मन्स लावा, फॉरमॅट एनटीएफएस ठेवा आणि मजा करा. एसएसडी नसून फिरणारी हार्डडिस्क असेल आणि तिच्यावर नुसतं साठवायचंच काम असेल तर बदलण्यात फार अर्थ नाही.

विंडोजऐवजी उबुंटू वगैरे लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथे नेहमीचं वागणं विंडोजच्या बेटर परफॉर्मन्ससारखंच असतं, पट्टी झटकन संपते आणि इजेक्ट केल्यावर 'डेटा लिहिला जातोय, काढू नका' येऊन बसतं, तो मेसेज जाईपर्यंत खरंच थांबायचं. माउंट करताना (ड्राइव्ह सिस्टीमला जोडताना) 'सिंक' ऑप्शन देऊन लगेच लिहायला लावता येतं, पण त्याने स्पीड खूप पडतो आणि फ्लॅश मेमरी पण जास्त झिजते, त्यामुळे ते सरसकट लावू नका.

इजेक्ट करताना 'डिव्हाइस वापरात आहे' आलं की एक्सप्लोररची विंडो बंद करा, त्या ड्राइव्हवरून उघडलेली फाईल आणि प्रोग्रॅम बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर संपू द्या. तरी ऐकत नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचं (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोजने केलेलं) अर्धवट झोपणं न होता मशीन पूर्ण बंद होतं, आणि मग ड्राइव्ह काढा.

सेटिंग बदललं की एक लक्षात ठेवा, ते प्रत्येक ड्राइव्हसाठी आणि त्या कम्प्युटरपुरतं असतं, आणि मायक्रोसॉफ्ट म्हणतो की ड्राइव्ह पुन्हा त्याच पोर्टला लावला तर ते टिकतं. म्हणजे मागच्या पोर्टला बेटर परफॉर्मन्स करून ठेवलंय आणि उद्या पुढच्या पोर्टला लावला, तर तिकडे डिफॉल्टच चालू असू शकतं. एडिटिंगवाल्या ड्राइव्हसाठी एक पोर्ट ठरवून टाका, जमलं तर तिथे टेपचा तुकडा चिकटवून ठेवा, आणि पोर्ट बदलला की पॉलिसीज टॅब एकदा उघडून बघा.