विंडोजच्या सर्व्हिसेस तपासायला एससी, गेट-सर्व्हिस की सिम?

रोज सकाळी सर्व्हिसेसची (म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची) खिडकी उघडून खाली-वर स्क्रोल करायचा कंटाळा आला असेल आणि स्क्रिप्टच लिहून टाकू असं ठरवलं असेल, तर विंडोजवर मुख्य रस्ते तीन: एससी ही जुनी कमांड, आणि पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्टिंग शेलमधल्या गेट-सर्व्हिस आणि सिम.

एससी सगळ्यात जुना. बॅच फाईलमध्ये टाकला की झालं, एक्झिक्युशन पॉलिसीची (पॉवरशेलच्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या की नाही, हे ठरवणाऱ्या सेटिंगची) कटकट नाही. पण नुसतं 'एससी क्वेरी' मारलं तर चालू असलेल्याच सर्व्हिसेस दाखवतो, म्हणजे आपण बंद पडलेली शोधायला आलोय आणि नेमकी तीच यादीत नाही! त्याला 'स्टेट= ऑल' सांगावं लागतं, तेही बरोबरच्या चिन्हानंतर स्पेस देऊन. आणि पॉवरशेल 5.1 मध्ये तर एससी म्हणजे चक्क सेट-कंटेंट, फाईलमध्ये मजकूर लिहिणारी कमांड. मी एकदा प्रिंटिंगची सर्व्हिस बघायला 'एससी क्वेरी स्पूलर' मारलं, काहीच दिसेना म्हणून परत मारलं, परत शांतता, शेवटी फोल्डरमध्ये 'क्वेरी' नावाची फाईल सापडली, उघडली तर आत एकच शब्द: स्पूलर. तिथे एससी.ईएक्सई असं पूर्णच लिहायचं. पॉवरशेल 7 मध्ये हा घोळ नाही.

गेट-सर्व्हिस शिकायला सोपं. फिल्टर लावा, सॉर्ट करा, सीएसव्हीत काढा, कुठे मजकूर कापत बसायला नको. 'चालू आहे का' एवढंच बघायचं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. पण 5.1 मध्ये सर्व्हिस कुठल्या अकाउंटवर चालते, तिची ईएक्सई कुठेय, हे कळत नाही. 7 मध्ये ते येतं, पण दुसऱ्या मशीनचं नाव द्यायची सोय गेलीये.

माझं मत सिमला, म्हणजे गेट-सिमइन्स्टन्स ही कमांड आणि तिला द्यायचं विन32_सर्व्हिस हे सर्व्हिसेसच्या माहितीचं नाव. पाथ, अकाउंट, प्रोसेस आयडी, एक्झिट कोड, सगळं एका जागी. 'स्टार्टमोड ऑटो पण स्टेट रनिंग नाही' एवढा फिल्टर लावला की संशयित समोर. मात्र लगेच घाबरू नका, काही सर्व्हिसेस काम झालं की आपणहून बंद होतात, विंडोजच्या लायसन्सची एसपीपीएसव्हीसी त्यातलीच. खरी गोष्ट एक्झिट कोड सांगतो: 0 असेल तर बहुतेक नीट थांबलीये, 1077 म्हणजे बूट झाल्यापासून तिला कोणी सुरूच केलं नाही, आणि 1067 म्हणजे प्रोसेस मध्येच मेली, तिकडे आधी धावा. दुसऱ्या मशीनवर बघायचं तर तिथे विनआरएम (दुरून मशीन हाताळू देणारी विंडोजची सोय) चालू हवं, साध्या डेस्कटॉपवर ते बंदच असतं.

जुन्या ब्लॉगवर हीच माहिती काढणाऱ्या डब्ल्यूएमआयसी या जुन्या टूलच्या कमांड दिसतील, त्या कॉपी करू नका, विंडोज 11 च्या 24एच2 पासून ते बाय डिफॉल्ट बंद आहे.

तरी एससी पूर्ण सोडू नका. सर्व्हिस पडल्यावर विंडोज तिला परत उठवणार की तशीच सोडणार, हे 'एससी क्यूफेल्युअर' एका ओळीत सांगतं, आणि ते बाकी दोघांना विचारून कळत नाही.