'वाजतायत ना दोन्ही?' : मीनाकामाचे चिनी गोळे, सात महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर एक तारा दिला असता. मे महिन्यात पाच दिले असते. आता राग आणि कौतुक दोन्ही ओसरलंय.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी स्पंजचा पिवळा बॉल दिला. तो दाबत बसायचा कंटाळा आला, म्हणून एकाच तळहातात दोन्ही फिरवायचे हे बाओडिंग गोळे मागवले. ४५ मिलिमीटर, निळं मीनाकाम, एकावर ड्रॅगन, दुसऱ्यावर फिनिक्स, ११४९ रुपये. साधे स्टीलचे निम्म्या किमतीत मिळत होते. निळ्या रंगाला भुललो, आणखी काही कारण नाही.

हाताचं नंतर बघू, आधी आवाज. हेबेई प्रांतातल्या बाओडिंगमध्ये मिंग काळापासून हे गोळे बनतात. आधी भरीव लोखंडी असत, पुढे पोकळ करून आत नाद देणारी पट्टी बसवू लागले. रीत अशी की जोडीतला एक खालच्या सुरात बोलतो, एक वरच्या. खालचा यांग, म्हणजे ड्रॅगन; वरचा यिन, म्हणजे फिनिक्स. माझे दोन्ही फिनिक्स निघाले! चित्रं वेगळी, सूर एकच. मी हौसेने पेटी वाजवतो, त्यामुळे हे कानाला खुपलं ते खुपलंच. पेटीच्या पट्ट्या दाबून ताडून पाहिलं, दोन्ही गोळे काळी चार या सुराच्या आसपास.

पण कळलं कधी, तर नवव्या दिवशी. तोवर बोटं इतकी आखडलेली की गोळे फिरायचेच नाहीत, नुसते एकमेकांवर आपटायचे. परत करायची मुदत सात दिवसांची. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, वाजतायत ना दोन्ही? मग प्रॉब्लेम काय आहे?" चार फोन झाले, आवाजाचा व्हिडिओ पाठवून झाला, शेवटी दीडशे रुपयांचं कूपन आलं, तेही हजाराच्या खरेदीवर. घरात 'खुळखुळा' हे नाव पडलं ते याच सुमारास.

हाताला फायदा? झाला. दोन महिन्यांत उजव्या हाताने सुलट फेरे जमले, उलटे जमायला आणखी एक महिना गेला. बाटलीचं झाकण आता बायकोला न सांगता उघडतो. सोबतच्या कागदावर मात्र तळहातावरचे बिंदू दाबून रक्तदाबापासून झोपेपर्यंत सगळं सुधारतं असं लिहिलंय. माझी बीपीची गोळी चालूच आहे. आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर थांबा. मी हट्टाने अर्धा अर्धा तास फिरवले आणि आठवडाभर चमचा धरवेना.

मग मे महिन्यात ड्रॅगन बाल्कनीच्या टाइल्सवर पडला. उचलून हलवला, तर आतली पट्टी बहुतेक सैल झालेली, आवाज घोगरा आणि चक्क खाली उतरलेला! कंपनीला चार फोनांत जमलं नाही ते फरशीने एका आपटीत केलं. त्या संध्याकाळी मी तासभर नुसता ऐकत बसलो होतो.

जूनमध्ये त्याची किंमत कळली. मीनाकाम म्हणजे शेवटी काच. धातूवर बारीक तारांची नक्षी चिकटवायची, घरांत रंगीत काचेची पूड भरून भट्टीत भाजायचं, मग घासून सपाट करायचं. चीनमध्ये याला चिंगतायलान म्हणतात. मिंग सम्राटाचा चिंगताय हा काळ १४५० ते १४५७, आणि 'लान' म्हणजे निळा. पडला तिथला ड्रॅगनच्या शेपटीजवळचा टवका उडाला होता. खाली लोखंड (लोहचुंबक चिकटतं), त्यात ठाण्याचा पाऊस आणि हाताचा घाम. पंधरा दिवसांत तांबूस ठिपका, तळहातावर त्याचाच डाग.

मुरलेले लोक गोळे एकमेकांना न लागू देता फिरवतात. त्यांच्या हातात काच टिकत असेल. शिकणाऱ्याच्या हातात गोळे दिवसभर टकराटकरीच करणार, त्याने काचेचे घ्यावेत कशाला? स्टीलचे घ्या. उरलेल्या पैशांत आणखी एक जोडी येईल.

सध्या ठिपका पॉलिश पेपरने घासून वर मुलीचं बिनरंगी नेलपॉलिश लावलंय. दर दहा दिवसांनी निघतं, पुन्हा लावतो. रात्री गोळे नक्षीदार कापडी डबीत न ठेवता तांदळाच्या डब्यात ठेवतो, दमट हवा लागू नये म्हणून. यावर घरात वेगळं मत आहे.

तीन तारे. आवाजासाठी कापलेला एक परत दिला होता, तो गंजापायी पुन्हा काढून घेतला. कूपन वापरलं नाही.