फियाट डिलाईटचं गंजलेलं क्रोम: फॉइल, ऑटोसोल आणि मेण, एका पावसाळ्यानंतर

गाडी १९६८ ची फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. आधी काकांनी वापरली, मग बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता माझ्याकडे रत्नागिरीत आहे. इंजिन, वायरिंग, पत्र्याचं काम हे सगळं वेगळं प्रकरण आहे. इथे फक्त क्रोमबद्दल लिहितोय, कारण या विषयावर कुणालाही विचारलं तर उत्तर "टूथपेस्टने घासा, चकाचक होईल" इथेच संपतं. मी काम केलं गेल्या उन्हाळ्यात. त्यानंतर कोकणातला अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही, हे आता खात्रीने सांगता येईल.

गंज येतो कुठून, ते आधी समजून घ्या. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो खरं तर एकावर एक चढवलेल्या थरांचा मुलामा असतो. खाली पोलाद, त्यावर बहुतेक वेळा तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. यातलं क्रोमियम अर्धा मायक्रॉनसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड नसतं. पाणी अडवायचं खरं काम निकेल करतं, आणि तेही साधारण २०-३० मायक्रॉनच असतं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. निकेलला कुठे बारीक भोक पडलं की पाणी पोलादापर्यंत पोचतं. जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. इथे बरोबर उलटं घडतं. निकेल आणि क्रोम शाबूत राहतात आणि त्या एवढ्याशा भोकात उघडं पडलेलं लोखंडच भराभर खाल्लं जातं. त्यात आमच्याकडची खारी हवा. म्हणून वर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसत असला, तरी आत खड्डा खोल गेलेला असू शकतो.

कामाला हात घालण्याआधी चुंबक घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. चुंबक चिकटला तर ते पोलाद. माझ्या गाडीचे दोन्ही बंपर, त्यांवरचे ओव्हररायडर (बंपरवर बसवलेले छोटे उभे खांब) आणि व्हील कॅप पोलादी निघाल्या. दरवाज्यांच्या मुठींना चुंबक चिकटला नाही. त्या जस्ताच्या ओतकामाच्या आहेत आणि त्यांच्यावर तांबडा गंज येत नाही, पांढरी पूड धरते आणि मुलाम्याला फोड येतात. काचेभोवतीच्या पट्ट्यांनाही चुंबक चिकटला नाही, त्यांना साबणपाणी पुरलं. पुढे सांगतोय ते सगळं पोलादावरच्या क्रोमसाठी आहे. मुठींना यातलं काहीही लावू नका.

आता फॉइल. स्वयंपाकघरातली साधी ॲल्युमिनियम फॉइल, तळहाताएवढा तुकडा चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यामुळे नीट लागलेल्या क्रोमवर चरे पडत नाहीत. पाणी आटू द्यायचं नाही. थोड्याच वेळात चॉकलेटी-काळी लापशी जमते, ती फडक्याने पुसायची, फॉइल बदलायची आणि पुन्हा सुरू करायचं. कोका-कोला ओतायची गरज नाही. त्यात थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, पण मला साध्या पाण्याने आणि कोलाने झालेल्या कामात फरक दिसला नाही. उलट साखर धुवत बसावं लागलं.

पुढच्या बंपरचा उजवा कोपरा पूर्ण तांबूस झाला होता. एक सकाळ त्यावर घालवली आणि नंतर टॉर्च आडवी धरून भिंगातून पाहिलं. तांबूस थर गेला होता, खालचं क्रोम निळसर चमकत होतं, आणि त्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके विखुरले होते. बोट फिरवलं तर काही जाणवत नाही, नखाची कड मात्र त्यात अडकते. हे ठिपके कुठल्याही पॉलिशने जाणार नाहीत. गंज परत वर येणार तो इथूनच. पुढचं सगळं काम या ठिपक्यांचं आहे.

व्हील कॅप आणि ओव्हररायडर सुटे करता येतात, म्हणून त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडवलं. रसायनांच्या दुकानात याची पांढरी पूड किलोवर मिळते. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी, लिटरमागे साधारण ५० ग्रॅम पूड आणि रात्रभर मुक्काम. सकाळी आतल्या बाजूचासुद्धा गंज ब्रशने निघून येतो. जिथे हात पोचत नाही तिथे याच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, काम उघड्यावर करा, टब मुलांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवा. बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने, आणि लगेच कोरडं करा. धुणं अर्धवट राहिलं तर पिवळट डाग बसतो.

संडास साफ करायचं ॲसिड वापरा असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोमियम विरघळवतं. गंज जातो, सोबत क्रोमही जातं. भांड्यांची तारेची घासणी तर हातातसुद्धा घेऊ नका. स्टील वूल वापरायचंच असेल तर सर्वांत बारीक, चार शून्य नंबरचं, आणि तेही तेलात भिजवून.

ऑटोसोल ही जर्मन पेस्ट. ट्यूब छोटी, भाव चढा, पण वाटाण्याएवढ्यात अर्धा बंपर होतो. फॉइलनंतर राहिलेला धुरकटपणा तिने पूर्ण काढला. ब्रासोही शेजारी लावून पाहिला. पितळेवर तो उत्तम, क्रोमवर मला ऑटोसोलचं काम जास्त स्वच्छ वाटलं. फक्त एक बघा: क्रोमची झाक निळसर असते, निकेलची पिवळसर. घासता घासता पिवळसर पट्टा दिसायला लागला, तर वरचं क्रोम तिथे संपलंय. तिथे हात थांबवायचा, कारण पॉलिशमध्ये घासणारे कण असतात आणि उरलंय ते निकेलही जाईल. म्हणून ही पेस्ट एकदाच लावायची, नियमाने नाही. दर रविवारी पॉलिश करणाऱ्यांच्या गाड्यांचं क्रोम कडांवर आधी पिवळं पडतं.

संरक्षणासाठी पावसाळ्याआधी बंपरचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला वेगळं काही लावलं. डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे पाणी हटवायला आणि आखडलेले बोल्ट सोडवायला फार उपयोगी आहे. त्याचा पातळ थर मात्र आमच्या पावसात टिकत नाही, जून सरायच्या आतच त्या भागात तांबूस ठिपके परत आले. खोबरेल तेलाने गंज थांबला, पण त्यावर धूळ बसून चिकट काळा थर झाला. पारदर्शक लॅकरचं तर नावच नको. ते कडेला सुटलं आणि पाणी आत जाऊन अडकलं. कार्नोबा मेणाचा (गाड्यांना लावतात ते ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण) भाग गणपतीपर्यंत स्वच्छ राहिला. आता सगळीकडे तेच लावतो. आधी हेअर ड्रायरने बंपर कोमट करायचा म्हणजे ठिपक्यांच्या खड्ड्यांत ओल राहत नाही, मग मेण बोटाने दाबून भरायचं, सुकलं की पुसायचं आणि दुसरा हात द्यायचा. पावसाळ्यात साधारण महिन्याने, एरवी दोन-तीन महिन्यांनी. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे थांबले की पुन्हा लावायची वेळ झाली असं समजा.

पण माझं ठाम मत विचाराल, तर चकाकणाऱ्या बाजूवर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट बंपरच्या पाठीवर घालवा. प्लेटिंग करताना आतल्या बाजूला मुलामा पातळ बसतो, चाकांचा चिखल तिथेच साठतो, आणि ओव्हररायडर जिथे बंपरला टेकतो त्या सांधीत पाणी दिवसेंदिवस राहतं. माझा मागचा बंपर समोरून बरा दिसत होता. उतरवून पाठ पाहिली तर सांधीजवळ पापुद्रे निघत होते आणि एका जागी पत्रा आरपार गेलेला. पुढच्या बंपरची पाठ वायर ब्रशने साफ केली, फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज स्थिर करणारं द्रावण) लावलं, त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर आणि काळा एनॅमल रंग. सांधीत नवं रबर बसवलं, बोल्टना ग्रीस भरलं. पावसाळा संपल्यावर पुन्हा उतरवून पाहिलं. पाठीला नवा गंज कुठेही नाही, आणि समोरचे ठिपकेही फारसे वाढलेले नाहीत. समुद्राकडून फिरून आलो की आता बंपरच्या मागे गोड्या पाण्याचा पाइप आधी फिरवतो. प्लास्टिकचं कव्हरही काढून टाकलं. त्याखाली घाम धरत होता. सुती कव्हर आणि वारा खेळणारी शेड पुरे.

मागचा बंपर मात्र घरगुती उपायांपलीकडे गेला होता. जिथे मुलामा सुटलाय तिथे फॉइल आणि मेण काही करू शकत नाही, आणि 'क्रोम स्प्रे' म्हणून मिळतो तो चंदेरी रंग आहे, क्रोम नाही. त्याला पुन्हा प्लेटिंगच हवं. पहिल्या ठिकाणी थेट पोलादावर निकेलचा हात मारून वर क्रोम देतो म्हणाले, तिथून बंपर परत आणला. दुसऱ्या ठिकाणी जुना मुलामा उतरवून, भोक वेल्डिंगने भरून, तांबं चढवून त्यावर बफिंग (चाकावर घासून गुळगुळीत करणं), मग निकेल, मग क्रोम असं काम झालं. देण्याआधी तांबं चढवणार का, निकेल किती मायक्रॉन देणार आणि पाठीमागे काय करणार, हे तीन प्रश्न विचाराच. सांडपाण्याची सोय आहे का तेही बघा. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे, ते नाल्यात सोडणाऱ्याला आपला पैसा जाऊ नये.

पुढच्या बंपरवर काळे ठिपके अजून आहेत आणि तो प्लेटिंगला देणार नाही. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, तो चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असण्याबद्दल बोलतो, बंपरबद्दल नाही. तरीही कुर्ल्यात चढवलेला मुलामा जेवढा जगेल तेवढा जगवायचा, असं मी ठरवलंय. तुमच्याकडे डिलाईटचे किंवा पद्मिनीचे मूळ बंपर ठिपके पडले म्हणून माळ्यावर टाकलेले असतील, तर भंगारात देऊ नका. नवे मिळतात ते हाताला हलके लागतात आणि कडेला नीट बसत नाहीत.