कप्प्यांची प्लास्टिक फाइल: एक पावसाळा आणि एक इन्कम टॅक्स रिटर्न झाल्यावर

ठाणे स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून, पेटीच्या भात्यासारखी उघडणारी तेरा कप्प्यांची ए-फोर फाइल घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. घर काही चकाचक झालं नाही. पण यंदा सीएने कागद मागितले तेव्हा कपाट, गादीखाली, फ्रिजवरची टोपली अशी वारी करावी लागली नाही.

फाइलपेक्षा महत्त्वाची ठरली ती कप्प्यांची नावं. 'लाइट', 'गॅस', 'मेडिकल' असं न लिहिता, हा कागद पुढे मागणार कोण ते लिहिलं: सीए, सोसायटी, बँक, सर्व्हिस सेंटर, घर विकताना. आणि एक 'कोणी नाही'. महावितरणचं आणि महानगर गॅसचं बिल या शेवटच्या कप्प्यात. पुढच्या बिलात आधीची रक्कम जमा दिसली की जुनं रद्दीत. निम्मा गठ्ठा तिथेच गळतो.

सीएचा कप्पा माझ्यामुळेच फुगतो. मिस्टर नवीन करप्रणालीत, त्यांचं फॉर्म १६ आणि बँकेच्या व्याजाच्या सर्टिफिकेटवर भागतं. मी अजून जुन्यात आहे, गृहकर्जाच्या व्याजामुळे आणि आईच्या औषधांमुळे. आई साठीच्या पुढची, मेडिक्लेम नाही. अशा वेळी तिच्या औषधपाण्यावर मी केलेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च आयकराच्या कलम ८०डीखाली वजावट म्हणून दाखवता येतो, मात्र रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. एफडीचं व्याज एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, आपोआप दिसतं, पण औषधं तिथे कुठून दिसणार? म्हणून नौपाड्यातल्या औषधवाल्याला दीडशे रुपयेही यूपीआयनेच देते आणि बिलावर आईचं नाव घालून घेते. "एवढ्याशा गोळ्यांना कसलं नाव नि गाव," असं आई काउंटरवरच म्हणते.

गोची आहे ती थर्मल पावत्यांची. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा थर असतो, आणि ऊन, दमट हवा, चिकटपट्टी यांनी अक्षरं उडतात. आईने कोऱ्या कागदावर सेलोटेपने चिकटवलेलं एक बिल आहे: टेपखालची रक्कम पांढरी झाली, बाजूची जीएसटीची ओळ मात्र ठणठणीत. लॅमिनेशनचा तर विचारही नको, गरम रोलरमधून पावती काळीठिक्कर होऊन येते. त्यामुळे अशी पावती हातात आली की दुकानाच्या पायरीवरच फोटो. घरी मोठ्या रकमेची झेरॉक्स काढते आणि मूळ पावती तिच्यामागे टाचते. फाइल या कामात काही मदत करत नाही.

पावसाळ्यात आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये लाकडी कपाटातले कागद नरम पडतात, कसर लागते ती वेगळीच. प्लास्टिकमुळे आतले कागद कोरडे राहिले. लेबलांच्या कागदी चिठ्ठ्या तेवढ्या वाकून गळल्या, आता मार्करने थेट प्लास्टिकवर लिहिलंय.

तक्रारी आहेत. इलॅस्टिक सैल पडलं. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या इवल्याशा, त्या तळाशी जाऊन बसतात, म्हणून वर्षाच्या एका पाकिटात घालून मग कप्प्यात ठेवते. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट लीगल साइजचं, ते यात मावतच नाही. दुमडून कोंबू नका, वेगळं ठेवा.

'घर विकताना' हा कप्पा मात्र कुणी करत नाही असं दिसतं. बाल्कनी आत घेणं, नवीन प्लंबिंग, अशा भांडवली कामांचा खर्च पुढे विक्रीच्या नफ्यावरचा कर मोजताना घराच्या खरेदीच्या किमतीत धरता येतो. रंगरंगोटीचा नाही. आमच्या मिस्त्रीने साध्या चिठ्ठीवर हिशेब दिला होता, त्याच्याकडून नाव, तारीख, कामाचं वर्णन असलेलं बिल मागून घेतलं आणि बँक स्टेटमेंटचं ते पान त्याच्यासोबत ठेवलं.

याच किमतीत पुन्हा घ्यायची झाली तर लीगल साइजची, बटणाची आणि तळाला कापडी पट्टी असलेली घेईन.