शाळा पाडून बांधताना मुलांना कुठे बसवायचं? हवेच्या बाजूने दोन पर्याय

मुंबईच्या उपनगरात जुनी शाळा धोकादायक ठरली आणि पुनर्बांधणीचा ठराव झाला की व्यवस्थापनापुढे बहुधा दोनच वाटा उरतात. एक भाग पाडायचा आणि उरलेल्या इमारतीत वर्ग चालू ठेवायचे, नाहीतर काम संपेपर्यंत दुसरीकडे भाड्याची जागा घ्यायची. ती जागा अनेकदा हमरस्त्यालगतच मिळते. पालकसभेत भाडं आणि रिक्षा-बसचा खर्च यांवर तासभर बोलणं होतं, पण हवेचा विषय ‘धूळ काय, सगळीकडेच आहे’ एवढ्यावर संपतो. मला ते पटत नाही, कारण या दोन जागांची हवा वेगवेगळ्या प्रकारे वाईट असते.

शाळेच्या आवारात त्रास मुख्यतः जाड धुळीचा, म्हणजे पीएम १० चा. ती पाडकामातून, खोदाईतून आणि डंपरच्या चाकांतून उठते. यातले मोठे कण शंभर-दोनशे मीटरमध्ये बरेचसे खाली बसतात, पण इथे वर्गच वीस-तीस मीटरवर असतो. तरी ही धूळ आवरता येते. मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनुसार एक एकरापेक्षा लहान भूखंडाभोवती किमान २५ फूट आणि त्याहून मोठ्याभोवती ३५ फूट उंच पत्रे लावावे लागतात. शिवाय बांधकामावर कापड किंवा ताडपत्री आणि पाण्याची फवारणी हवी. सर्वांत वाईट काळ पाडकाम आणि पायाचा असतो, पुढे धूळ कमी होते. एका गोष्टीला मात्र सवलत देऊ नये. जुन्या छपरावर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाडकामाआधी ओले करून, न फोडता उतरवायला हवेत.

रस्त्यालगतच्या जागेत धूळ डोळ्यांना कमी दिसते आणि फसगत होते ती इथेच. वाहनांचा धूर म्हणजे पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक कण, आणि नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू. त्याला पत्रे अडवत नाहीत आणि तो शाळा तिथे असेपर्यंत रोज येतो, तोही शाळा भरण्या-सुटण्याच्या गर्दीच्या वेळी जास्त. मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटर आत गेलं की त्याचा परिणाम बराच ओसरतो. म्हणून भाड्याची जागा पाहताना खोल्या मोजण्याआधी रस्त्यापासूनचं अंतर मोजा.

आता मोजणीचं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार इमारतीला आधी पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून आणि साधारण शाळा त्याच्या कितीतरी आत असते. म्हणजे हवेवरच्या परिणामाचा अभ्यास कायदा मागणार नाही, तो शाळेनेच करायचा. प्रयोगशाळेचं यंत्र २४ तास हवा ओढून फिल्टरवर धूळ गोळा करतं. हा आकडा भरवशाचा असतो, पण सरासरीत शाळेची वेळ हरवते. समजा पाडकामाचे ६ तास पीएम १० प्रति घनमीटर २५० मायक्रोग्रॅम राहिला आणि उरलेले १८ तास ५०. सरासरी येते बरोबर १००, म्हणजे देशाच्या मानकाची २४ तासांची मर्यादा. अहवाल ‘मर्यादेत’ म्हणेल आणि मुलं मात्र २५० ची हवा घेऊन घरी गेलेली असतील.

स्वस्त लेझर सेन्सर मिनिटामिनिटाचा आकडा देतो, पण जाड धूळ तो नीट पकडत नाही आणि दमट हवेत जास्त दाखवतो. त्यामुळे रस्त्याच्या जागेतल्या पीएम २.५ साठी मी सेन्सरवर भिस्त ठेवीन, तर आवारातल्या धुळीसाठी प्रयोगशाळेकडून फक्त शाळेच्या तासांचा वेगळा नमुना मागेन. मोजणी जुलैत करून समाधान मानू नये. पावसात मुंबईची हवा धुतलेली असते, खरी परीक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

माझा कौल परिस्थितीनुसार आहे. पाडकाम आणि खोदाई उन्हाळी सुट्टीत उरकणार असेल तर आवारातच राहावं. दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. काम वर्गांच्या पश्चिमेला असेल तर दुपारच्या सत्राच्या तोंडावर धूळ येणार, तेव्हा ते सत्र सकाळी घ्यावं. पाडकाम हिवाळ्यात ढकललं जाणार असेल तर मुलं हलवावीत, निदान बालवाडी आणि पहिली-दुसरी तरी. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. पण ती हमरस्त्यावर नकोत. गल्लीतली, थोडी लांबची, कमी सोयीची जागा मी जास्त भाडं देऊनही घेईन.

आणि काहीही ठरलं तरी ठेकेदाराच्या करारात एक ओळ आत्ताच घालून घ्या: शाळेच्या वेळेत ओलं न करता तोडफोड नाही, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं की काम त्या क्षणी थांबेल.